एसावाचे रडणे

ख्रिस्ती माणसाला जन्मभर धाक घालतील अशी काही वचने पवित्र शास्त्रात आहेत. त्यांतले एक इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात, सोळा आणि सतरा या वचनांत आहे. एका जेवणासाठी ज्येष्ठत्वाचा हक्क विकणाऱ्या एसावाची आठवण देऊन तिथे म्हटले आहे की, पुढे त्याला आशीर्वाद हवासा झाला, तो रडला, तरी नाकारला गेला. उपवासकाळात आणि संजीवन सभांत या वचनावर हमखास प्रवचन होते. ते ऐकून कुणी सावध होतो, तर कुणी कायमचा खचतो. खचलेल्यांची मला फार काळजी वाटते, म्हणून हा लेख.

खालच्या संवादातले काका निवृत्त पाळक आहेत आणि त्यांची पुतणी इस्पितळात परिचारिका आहे. माणसे मी कल्पिली आहेत. त्यांची मते मात्र खरी आहेत, आणि तिसऱ्या शतकापासून ती मंडळीत एकमेकांशी झगडत आली आहेत.

पुतणी : काका, आमच्या वॉर्डात एक आजोबा आहेत. रविवारी पाळकसाहेब आजाऱ्यांना प्रभुभोजन द्यायला आले होते. भाकरीचा तुकडा पुढे केला तसे आजोबांनी तोंड भिंतीकडे फिरवले. पेला ओठांशी नेला, तर तो मनगटाने सारला. द्राक्षरस चादरीवर सांडला. चादर बदलताना मी विचारलं, तर म्हणाले, “मी एसाव आहे. माझा वाटा मी विकून खाल्ला.” तरुणपणी त्यांना देवानं सेवेसाठी बोलावलं होतं. सेमिनरीत जायचं ठरलं होतं, वडिलांनी मंडळीपुढे उभं राहून तसं सांगितलंही होतं. तेवढ्यात चांगली नोकरी लागली. मग उपासना सुटली, दारू लागली, बायकोचे हाल झाले. ती गेली. आता म्हणतात, देवानं एकदाच हाक मारली होती, ती मी टाकली, माझ्यासाठी आता काही उरलेलं नाही. तुम्ही तिथे असता तर काय सांगितलं असतं?

काका : आधी, खोटं सांगितलं नसतं. ‘काही बिघडलं नाही, सगळं परत मिळेल’ असं म्हटलं नसतं. पुष्कळ बिघडलंय. ती चाळीस-पन्नास वर्षं परत येणार नाहीत. ज्या मंडळ्यांना त्यांनी वचन शिकवलं असतं त्या त्यांच्यावाचून राहिल्या. बायको तर थडग्यात आहे. हे त्यांना ठाऊक आहे, आणि आपण उलटं बोललो तर त्यांचा आपल्यावर विश्वास बसणार नाही.

पुतणी : पण ते वर्षं परत मागत नाहीत. देव आपल्याला घेईल का, एवढंच विचारतात.

काका : दोन्ही गोष्टी एकमेकींत अडकलेल्या आहेत, बाळ. एसावाची गोष्ट सबंध वाच. रानातून दमून आला, भावानं शिजवलेलं मसुरीचं वरण बघितलं. म्हणाला, मी मरायला टेकलोय, हक्क घेऊन काय करू? आणि शपथ घालून विकला. पुढे शास्त्र चारच क्रिया सांगतं : खाल्लं, प्याला, उठला, चालता झाला. पोट भरल्यावरही त्याला काही वाटलं नाही. मला भीती वाटते ती त्या चालता होण्याची. ज्येष्ठ मुलाला बापाच्या मालमत्तेत दुप्पट वाटा, असं मोशेचं नियमशास्त्र पुढे सांगतं. पण इथे मालमत्तेहून मोठं काही होतं. अब्राहामाला देवानं दिलेलं वचन त्या घरातून पुढे जाणार होतं. ते त्यानं वाडग्याएवढं लहान केलं. अशा माणसाला पुढे रडू आलं, म्हणून देवानं इतिहास मागे फिरवावा का?

पुतणी : इतिहास मागे फिरत नाही, मान्य. पण तो रडला कशासाठी, तेही बघा ना. इसहाक आंधळा झालाय, रिबकेनं याकोबाच्या हातांवर आणि मानेवर करडांची कातडी बांधलीत, याकोब आशीर्वाद घेऊन बाहेर पडतो आणि एसाव शिकारीचं जेवण घेऊन आत येतो. इसहाक थरथर कापतो. एसाव मोठ्यानं हंबरडा फोडतो, बापा, मलाही आशीर्वाद दे, म्हणतो. आणि लगेच काय म्हणतो? यानं मला दोनदा फसवलं, माझा ज्येष्ठत्वाचा हक्क घेतला, आता आशीर्वादही घेतला. घेतला! विकला होता एसावानं स्वतः. सगळ्या रडण्यात ‘मी विकला’ हा शब्द कुठेच नाही. वरणाचा उल्लेखही नाही. अध्याय संपायच्या आत तो ठरवतो की बाप गेला की भावाला मारून टाकायचं.

काका : म्हणजे माझंच म्हणणं तू पुढे नेतेस. तो पश्चात्ताप नव्हताच.

पुतणी : तेच तर! तो हळहळत होता. हातून गेल्याचं दुःख होतं, हातानं घालवल्याचं नव्हतं. मग हे वचन आजोबांना कसं लागू होईल? ते म्हणत नाहीत की नोकरीनं मला फसवलं, बायकोनं फसवलं. ते म्हणतात, मी विकून खाल्लं. एसावाच्या तोंडून जे वाक्य कधी निघालं नाही ते त्यांच्या तोंडून निघालंय.

इथे थोडे थांबतो. पुतणीने जे दाखवले ते उत्पत्तीच्या सत्ताविसाव्या अध्यायात उघड आहे, आणि तरीही या वचनावरच्या प्रवचनांत ते क्वचितच येते. पौल करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात दोन दुःखे वेगळी काढतो : एक देवाच्या इच्छेनुसार होणारे, जे माणसाला तारणाकडे नेते, दुसरे जगाचे, जे मरणाकडे नेते. दोन्हींत डोळ्यांतून पाणीच येते. बाहेरून पाहणाऱ्याला फरक कळत नाही. म्हणूनच रडणाऱ्याच्या डोक्यावर एखादे वचन आपटण्याआधी तो काय बोलतो आहे, ते कान देऊन ऐकायला हवे.

काका : यहूदाचं काय मग? यहूदा इस्कार्योतानं तीस रुपयांना प्रभूला विकलं. त्यालाही नंतर वाईट वाटलं. मी निर्दोष रक्त धरून दिलं, मी पाप केलं, हे त्यानं याजकांपुढे कबूल केलं, पैसे मंदिरात फेकले. दोष स्वतःकडे घेतला, तुझ्या आजोबांसारखाच. आणि जाऊन गळफास घेतला.

पुतणी : (थोड्या वेळानं) त्यानं कबुली दिली ती याजकांपुढे. ज्याला धरून दिलं त्याच्याकडे तो गेला नाही. पेत्रही त्याच रात्री पडला होता. तीनदा नाकारलं, बाहेर जाऊन ढसाढसा रडला. तोही मोडला होता, पण शिष्यांमध्ये राहिला. थडग्याकडे धावत गेला. तळ्यात होडीतून उडी टाकून काठाकडे निघाला. यहूदाला कुणी सांगायला हवं होतं, थांब, तीन दिवस थांब. आजोबांच्या बाबतीत ते सांगणारी मी तिथे असते, म्हणून तर तुम्हाला विचारायला आले.

काका : पेत्राचं नाव काढलंस, बरं झालं. योहानाच्या शुभवर्तमानात पेत्र नाकारतो तेव्हा अंगणात कोळशांचा विस्तव पेटलेला आहे. शेवटच्या अध्यायात प्रभू तळ्याकाठी शिष्यांना न्याहारी देतो, तिथेही कोळशांचाच विस्तव आहे. तीनदा नाकारलं होतं, तीनदाच प्रश्न विचारला : माझ्यावर प्रीती करतोस का? तिसऱ्यांदा विचारल्यावर पेत्राला दुःख झालं, असं स्पष्ट लिहिलंय. प्रभूनं ती जखम झाकून ठेवली नाही. त्याच विस्तवापाशी नेऊन तिच्यावर बोट ठेवलं, आणि मग मेंढरं सोपवली. तू त्या आजोबांना थेट मेंढरं सोपवायला निघालीस, अशी मला भीती वाटते. आधी विस्तवापाशी बसव.

पुतणी : पन्नास वर्षं ते विस्तवापाशीच बसलेत, काका.

हे काकांना लागले असणार. पण त्यांच्या बाजूला जोर आहे, आणि तो मी कमी करू इच्छित नाही. काकांसारख्या पाळकांनी एक गोष्ट आयुष्यभर पाहिलेली असते : क्षमा स्वस्त आहे असे वाटले की माणसे बिनदिक्कत विकायला लागतात. नाताळला येतात, ईस्टरला येतात, मधल्या काळात घरात कुणाचे काय चालले आहे ते मंडळीला ठाऊक असते. अशांना एसावाची गोष्ट सांगायलाच हवी, आणि गोड करून सांगता कामा नये. शास्त्रही गोड करत नाही. दाविदाने बथशेबेच्या बाबतीत पाप केले, नाथान संदेष्ट्यापुढे कबूल केले, क्षमा मिळाली. तरी ते मूल वाचले नाही, आणि त्याच्या घरातून तलवार हटली नाही. मोशेने मरीबा येथे खडकाशी बोलण्याऐवजी त्यावर काठी मारली, आणि कनानात जाण्याचा त्याचा आशीर्वाद गेला. त्याने विनवणी केली. देव म्हणाला, पुरे, या गोष्टीविषयी पुन्हा बोलू नकोस. एकशे वीस वर्षांचा मोशे नबो डोंगरावरून तो देश पाहून तिथेच मेला.

पुतणी : पण मोशे नाकारला गेला का? ज्याच्याशी देव तोंडोतोंड बोलला असा दुसरा संदेष्टा झाला नाही, असं त्याच अध्यायात लिहिलंय. त्याचं मरणही देवाच्या सोबतीत झालं. कनान गेला, देव गेला नाही. हेच मला आजोबांना सांगायचंय. सेवा गेली, ती खरंच गेली. पण म्हणून बाप गेला नाही.

काका : आता तू बरोबर जागी आलीस. दाविदानं एक्कावन्नाव्या स्तोत्रात राज्य राहू दे, असं मागितलं नाही. तुझा पवित्र आत्मा माझ्यापासून काढून घेऊ नको, असं मागितलं. तो हे का मागतो? देवाचा आत्मा शौलाला सोडून गेलेला त्यानं जवळून पाहिला होता. तेव्हा तो शौलापुढे वीणा वाजवत होता. काय गेलं तर चालेल आणि काय गेलं तर संपलं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

पुतणी : उधळ्या पुत्राच्या दाखल्यातही असंच आहे, नाही का? मी कितीदा वाचला, पण हे आत्ता लक्षात आलं. धाकटा परत येतो, त्याला झगा मिळतो, अंगठी मिळते, पायात जोडा, मेजवानी. पण मोठा मुलगा रुसतो तेव्हा बाप त्याला म्हणतो, जे माझं आहे ते सगळं तुझंच आहे. म्हणजे वाटणी बदललेली नाही. धाकट्यानं उधळलेला वाटा उधळलेलाच राहिला.

काका : राहिलाच. आणि तरी तो घरात आहे, मुलगा म्हणून आहे. चाकर म्हणून ठेवा, एवढं मागायचं ठरवून आला होता.

या एका जागी दोघे जवळ आले. पण काकांचा खरा अडसर वेगळा होता : विकून आलेल्याला परत घ्यायचे कसे? आणि तो एकट्या त्यांचा नाही. 250 साली रोमन सम्राट डेसियसने फर्मान काढले की प्रत्येकाने देवतांना बलिदान करावे आणि तसा दाखला घ्यावा. इजिप्तमध्ये पपायरसवर लिहिलेले असे दाखले आजही मिळाले आहेत. हजारो ख्रिस्ती जिवाच्या भीतीने वाकले. छळ ओसरल्यावर ते रडत मंडळीच्या दाराशी आले, तेव्हा रोममध्ये नोव्हेशियन नावाचा याजक म्हणाला की यांना परत घेण्याचा अधिकार मंडळीला नाही, देव काय करील ते करो. कार्थेजचा बिशप सिप्रियन म्हणाला, चौकशी करा, प्रायश्चित्त द्या, वेळ लावा, पण दार बंद करू नका. सिप्रियन ऐऱ्यागैऱ्याला मोकळे सोडणारा नव्हता. 258 मध्ये त्याने स्वतः विश्वासासाठी मान दिली. 325 च्या नायसिया परिषदेने नोव्हेशियनच्या अनुयायांना सामावून घेताना अट घातली की छळात पडलेल्यांशी सहभागिता ठेवावी लागेल. त्याच परिषदेच्या तेराव्या नियमाने ठरवले की मरणाच्या दारी असलेल्याने शेवटची शिदोरी म्हणून प्रभुभोजन मागितले तर ते त्याला नाकारू नये.

पुतणी : म्हणजे आजोबांना ते घेण्यापासून मंडळी अडवू शकत नाही.

काका : मंडळी नाही अडवत. ते स्वतः अडवतात. मंडळीचं दार उघडं असलं तरी माणसाचं मन नोव्हेशियनहून कडक असतं. जॉन बनियनचं तसं झालं होतं. बेडफर्डचा हा भांडी सांधणारा गडी. मनात सारखा आवाज, ख्रिस्ताला विक, विक. एका सकाळी थकून मनात म्हणून गेला, जायचं तर जाऊ दे. त्या क्षणापासून एसावाचं हेच वचन त्याच्या मागे लागलं. किती तरी महिने तो त्याखाली चिरडत होता. तुरुंगात बसून त्यानं हे सगळं लिहिलं, 1666 मध्ये ते छापलं गेलं.

पुतणी : आणि सुटला ना?

काका : सुटला. एकदम नाही, वचनाला वचन भिडवत, पडत, उठत. पण मग बघ, 1678 मध्ये त्याचं ‘यात्रेकरू’ हे पुस्तक छापून आलं, त्यात अर्थ सांगणाऱ्याच्या घरात त्यानं लोखंडी पिंजऱ्यातला माणूस ठेवलाच. तो म्हणतो, मला आता पश्चात्ताप करता येत नाही. स्वतः सुटलेल्या माणसानं हे लिहिलं. इशारा खोटा आहे असं त्याला वाटलं असतं तर त्यानं तो पिंजरा ठेवला नसता.

पुतणी : पण अर्थ सांगणारा बोलतो कुणाशी? ख्रिस्ती यात्रेकरूशी. हे लक्षात ठेव, सावध राहा, आणि पुढे चाल. ज्याच्या पुढे रस्ता आहे त्याला तो पिंजरा दाखवला. मरणाऱ्या माणसाला त्यात कोंडण्यासाठी नाही.

माझ्या मते या सगळ्या वादाची गाठ इथे सुटते. इब्री पत्र ज्यांना लिहिले ते एसावासारखे विकून मोकळे झालेले नव्हते. ते थकलेले होते, मागे वळण्याच्या बेतात होते, वाडगे अजून त्यांच्या समोर होते. त्यांना सांगितले गेले : खाऊ नका, या जेवणाची किंमत फार मोठी आहे. हा इशारा आहे. तोच इशारा वाडगे केव्हाच रिकामे झालेल्या, पोटात त्याची जळजळ घेऊन जगणाऱ्या म्हाताऱ्याला ऐकवला की त्याचा निकाल होतो, आणि निकाल देण्याचे काम पत्रकर्त्याने आपल्यावर सोपवलेले नाही. ज्याला विकायचे आहे त्याला एसाव दाखवावा. ज्याने विकले आणि जो कबूल करतो आहे त्याला पेत्र दाखवावा. नेमके उलटे आपण करत आलो आहोत. ज्यांना धाक हवा त्यांना आपण गोंजारतो, आणि मोडलेल्यांना धाक घालतो.

काका : एक तुला विचारतो. एसावाचं शेवटी काय झालं, आठवतं?

पुतणी : उत्पत्तीचा बत्तिसावा आणि तेहतिसावा अध्याय. याकोब वीस वर्षं लाबानाकडे राबून परत येतोय. एसाव चारशे माणसं घेऊन सामोरा निघालाय असं कळल्यावर त्याची गाळण उडते. मेंढरं, उंट, गाई पुढे पाठवतो, भावाचा राग शांत व्हावा म्हणून. आणि एसाव धावत येतो, मिठी मारतो, मुका घेतो. दोघंही रडतात.

काका : आणि ती जनावरं बघून काय म्हणतो? भाऊ, माझ्याकडे पुष्कळ आहे, तुझं तुला असू दे. एका वाडग्यासाठी सगळं विकणारा हा माणूस! पन्नास वर्षं प्रवचनं केली मी, पण सत्ताविसाव्या अध्यायातलं रडणं जितकं सांगितलं तितकं तेहतिसाव्यातलं सांगितलं नाही. पहिल्या रडण्यात सुरी होती, दुसऱ्यात नाही. याकोब त्याला म्हणतो की तुझं तोंड पाहणं म्हणजे देवाचं तोंड पाहिल्यासारखं आहे. देवाशी रात्रभर झोंबी करून लंगडत आलेला माणूस हे म्हणतो.

पुतणी : म्हणजे त्याला आशीर्वाद मिळाला?

काका : ज्येष्ठत्वाचा नाही. तो याकोबाकडेच राहिला, आणि ख्रिस्त याकोबाच्याच वंशात आला. ते बदललं नाही, मी ते बदलू देणार नाही. पण इब्री पत्राचाच अकरावा अध्याय काढ, विसावं वचन. इसहाकानं विश्वासानं याकोब आणि एसाव या दोघांनाही पुढच्या गोष्टींविषयी आशीर्वाद दिला, असं तिथे आहे. दोघांनाही. ज्या पत्रात एसाव नाकारला गेला म्हणून लिहिलंय, त्याच पत्रात एक अध्याय आधी.

पुतणी : आणि याकोबाला तरी काय सुख मिळालं? सासऱ्यानं लेआ पुढे करून फसवलं. मुलांनी योसेफाचा झगा बकऱ्याच्या रक्तात बुडवून फसवलं. फारोपुढे उभा राहून म्हणाला, माझे दिवस थोडे आणि दुःखाचे.

काका : आशीर्वाद म्हणजे सुख, असं शास्त्र कुठे म्हणतं? तुझ्या आजोबांनाही हे सांग. सेमिनरीत गेले असते तर आयुष्य सरळ गेलं असतं असं त्यांना वाटतं. मी गेलो होतो सेमिनरीत. सरळ गेलं नाही.

पुतणी : तुम्हीच सांगाल का? उद्या माझी दुपारची पाळी आहे. पाळकसाहेब रविवारशिवाय येत नाहीत, आणि आजोबांकडे रविवार उरलाय की नाही, सांगता येत नाही.

काका : येतो. भाकरी आणि पेला घेऊन येतो. आधी त्यांचं सगळं ऐकून घेईन, बायकोचंही. मध्येच अडवणार नाही, आणि तूही अडवू नकोस. मग योनाची गोष्ट सांगेन. पहिल्या हाकेला पळाला, तरी परमेश्वराचं वचन त्याच्याकडे दुसऱ्यांदा आलं, असं लिहिलंय.

पुतणी : आता त्यांना कुठल्या निनवेला पाठवणार? उठून बसताही येत नाही.

काका : शेजारच्या खाटेवर कोण आहे?

पुतणी : एक तरुण पोरगा. दारूनं लिव्हर गेलंय.

काका : मग निनवे लांब नाही.

संवाद इथे संपवतो. त्या आजोबांनी पेला घेतला की नाही, हे मी कल्पनेने ठरवणार नाही. खऱ्या वॉर्डांत कुणी घेतात, कुणी नाही. पण या वचनावर बोलणाऱ्या पाळकांना, शब्बाथ शाळेच्या शिक्षकांना आणि घरोघरी प्रार्थना चालवणाऱ्या वडिलांना एक विनंती करतो. इब्री पत्राच्या बाराव्या अध्यायात एसावाचे नाव सोळाव्या वचनात येते. त्याच्या आधी, बाराव्या आणि तेराव्या वचनांत, गळलेले हात आणि लटपटणारे गुडघे सावरायला सांगितले आहे. लंगडे पडलेल्याचा पाय आणखी निखळू नये, तो बरा व्हावा, म्हणून वाटा सरळ करायला सांगितल्या आहेत. पंधरावे वचन म्हणते की देवाच्या कृपेला कुणी मुकू नये याची काळजी घ्या. ही काळजी घेण्याची आज्ञा सगळ्या मंडळीला आहे. तेव्हा यापुढे एसावावर प्रवचन कराल त्या दिवशी शास्त्रपाठ सोळाव्या वचनापासून काढू नका, बाराव्यापासून काढा.